तिसरा आग्रह

"समुद्र माणसाला मोठा करतो," दत्तप्रसाद बिवलकर म्हणाले. "त्याच्यापुढे उभं राहिलं की आपला मीपणा गळून पडतो. माझं आयुष्य समुद्राने घडवलं, तन्मय."

"बाबा, सीट बेल्ट," गाडी चालवणारा तन्मय म्हणाला.

बिवलकरांनी बेल्ट लावला. समुद्राने घडवलेल्या या आयुष्यात ते समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. घोट्यापर्यंत गेले ते एकदाच, आणि तेव्हाही बूट काढायचे राहून गेले होते. पोहणं त्यांना येत नव्हतं. बोट हलली की त्यांना मळमळायचं. एकदा तर ती ट्रेलरवर, कोरड्या जमिनीवर उभी असताना मळमळलं होतं.

तरीही गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी ते दुबईतल्या अल मनखूलच्या आपल्या फ्लॅटमधून निघून उम्म अल कुवेनच्या खाडीवर जायचे. तिथे एका जुन्या सेलिंग क्लबची रेस्क्यू बोट होती. ती चालवणारे सगळे हौशी, बिनपगारी. बिवलकर त्यांच्यातले शोअर क्रू. म्हणजे बोट पाण्यात जाते तेव्हा जे जमिनीवर राहतात, ते. बोट ट्रॅक्टरने उतारावरून पाण्यात न्यायची, तिच्या पुढच्या टोकाचा, म्हणजे नाकाचा दोर धरायचा, परत येईपर्यंत वाट बघायची आणि आली की गोड्या पाण्याने धुवायची. एअर कंडिशनिंगचे पत्र्याचे डक्ट खरेदी करणाऱ्या माणसाला जमण्यासारखंच काम होतं.

मुळात त्यांना कंपनीच्या एचआरने पाठवलं होतं. समाजसेवेचा फोटो हवा होता. अल कुसैसच्या ऑफिसातून एक बसभर माणसं आली, निळे टी-शर्ट घालून बोटीपुढे उभी राहिली आणि फोटो झाल्यावर परत गेली. पुढच्या आठवड्यात बिवलकर एकटेच आले. कार्यक्रम संपल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, असं ते म्हणत.

आजचा शनिवार शेवटचा. नोकरी संपली होती, व्हिसा रद्द झाला होता, गाडी विकली होती; आजची भाड्याची होती. बायको, सुनेत्राबाई, पुढे पुण्याला जाऊन नव्या फ्लॅटमधल्या प्लंबरशी भांडत होत्या. सामान बांधायला टोरांटोहून तन्मय आला होता. त्याचं विमान आज संध्याकाळचं. बिवलकरांचं परवाचं.

आणि या सगळ्या बांधाबांधीत एक गोष्ट बांधायची राहिली होती. सुनेत्राबाई रोज फोन करून तिची आठवण करत होत्या.

"विचारलंत का?"

"विचारलं ना. एअरपोर्टवरच विचारलं. म्हटलं, पर्णिका कशी आहे? म्हणाला, मजेत."

"मजेत असती तर दिवाळीला फोन आला असता सुनेचा. अहो, दोघांचं काहीतरी बिनसलंय. मी विचारलं की तो रेंज नाही म्हणून फोन ठेवतो. तुम्ही समोर आहात. तो जायच्या आत नीट विचारा."

बिवलकरांनाही दिसत होतंच. तन्मयच्या बोटात अंगठी नव्हती. एवढ्या लांबून तो एक अर्धीमुर्धी भरलेली बॅग घेऊन आला होता. फोन वाजला की बाल्कनीत जायचा आणि एक शब्दही न बोलता परत यायचा. रात्री सोफ्यावर उशी असायची, तिच्यावर डोकं असायचं, आणि डोळे उघडे असायचे.

शारजाचं ट्रॅफिक मागे पडलं. रस्ता मोकळा झाला. बिवलकरांनी घसा साफ केला.

"तुमचं दोघांचं... ठीक आहे ना सगळं?"

"इट्स फाइन, बाबा. रिअली."

तन्मयला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र तो इंग्रजीतच द्यायचा. दुबईत वाढलेली मुलं देतात तसंच.

"बरं," बिवलकर म्हणाले आणि मांडीवरचा पोह्यांचा डबा सरळ केला.

*

स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड, एक ट्रॅक्टर, एक नारिंगी बोट आणि एक चहाची किटली. महत्त्वानुसार क्रम हवा असेल तर ही यादी उलटी वाचावी.

शेडच्या दाराशी खतीजा बसली होती. इथलीच, अमिराती. आठवडाभर म्युनिसिपालिटीत नोकरी करायची आणि शनिवारी स्टेशनचा फोन आणि रेडिओ सांभाळायची. तिला लहानपणी सांभाळणारी बाई हैदराबादची होती, त्यामुळे तिचं हिंदी बिवलकरांपेक्षा बरं होतं.

"अंकल, आज आखरी दिन. रोना नहीं."

"पोहे?" बिवलकरांनी डबा उघडला.

"नो. नो. यस," खतीजा एका दमात म्हणाली आणि प्लेट पुढे केली.

ही पद्धत बिवलकरांनीच स्टेशनवर आणली होती. सुरुवातीला ते कोणालाही पोहे विचारायचे आणि समोरचा नको म्हणाला तरी हटायचे नाहीत. नको म्हणणं म्हणजे खायची सुरुवात, अशा घरात ते वाढले होते. पहिल्या नकोला कोणी डाव खाली ठेवला तर त्यांच्या आईने त्या घराशी संबंध तोडले असते. क्लबात एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी पहिल्यांदा 'नो, थँक यू' म्हटलं आणि त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं. पोहे त्यांच्या मांडीवर पडले. खतीजा मात्र हुशार. तिने तिन्ही फेऱ्या एकदम उरकायची युक्ती काढली.

राजन मागून आला. तो बोटीचा कॅप्टन, कोल्लमचा, आठवडाभर गाळ काढणाऱ्या बोटीवर इंजिनियर. तो अजून जुन्या रीतीने चालायचा.

"नहीं बिवलकरजी, घर से खाके आया."

"थोडे तरी."

"सच में, पेट फुल है."

"अरे राजन, माझ्या हातचे आता परत कुठे मिळणार आहेत तुला? घे."

"अच्छा, दो," राजन म्हणाला आणि दोन प्लेट पोहे खाल्ले.

तन्मय गाडीला टेकून उभा होता. बिवलकरांनी त्याच्यासमोर डबा धरला.

"घेतोस?"

"आय ॲम फाइन, बाबा."

बिवलकरांनी झाकण लावलं.

*

ओहोटी लागली होती. खाडीचं सगळं पाणी घाईने बाहेर, समुद्राकडे चाललं होतं. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. कोस्ट गार्डकडून. एका हॉटेलच्या बाल्कनीतून कोणीतरी पाहिलं होतं: एक छोटी भाड्याची बोट इंजिन बंद पडून खाडीच्या तोंडातून बाहेर वाहत चालली आहे, वर दोन माणसं आहेत, हात हलवताहेत. कोस्ट गार्डची बोट दूर होती. तुम्ही जवळ आहात, बघता का? बोट भाड्याने देणाऱ्याकडून त्यांचा नंबरही मिळाला होता.

राजनने लाइफ जॅकेट चढवलं. बिवलकरांनी ट्रॅक्टर सुरू केला. खतीजाने तो नंबर लावला, थोडं बोलली, आणि फोनवर हात ठेवून वैतागून म्हणाली, "बोलता है, नो प्रॉब्लेम मॅडम, वी आर एन्जॉइंग. हेल्प नहीं चाहिए."

"हात क्यूं हिला रहा था फिर?" राजन म्हणाला.

"बोलता है, सबको हॅलो कर रहा था."

नियम सरळ होता. पलीकडचा माणूस शुद्धीत आहे आणि मदत नको म्हणतोय, तर बोट काढायची नाही. राजनने जॅकेटचा पट्टा सैल केला.

"नाम क्या है?" बिवलकरांनी ट्रॅक्टरवरून विचारलं.

खतीजाने कागद बघितला. "आत्मा राम. आत्माराम शेट्ये."

बिवलकरांनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि हात पुढे केला.

"फोन द्या इकडे."

खतीजाने फोन स्पीकरवर टाकून दिला.

"नमस्कार शेट्येसाहेब. मी बिवलकर, रेस्क्यू स्टेशनवरून."

"अरे वा, मराठी? नमस्कार, नमस्कार. कुठले आपण?"

"मूळचे गुहागरचे. इथे अल मनखूल."

"आम्ही इंटरनॅशनल सिटीत. फरसाणाचं आहे आपलं. या एकदा."

"येऊ ना. बरं, बोट पाठवतो."

"छे छे, नको. एक तर शनिवार, सुट्टीचा दिवस. उगाच कशाला तुम्हाला त्रास?"

"अहो, त्रास कसला. बोट तयारच आहे, माणसं इथे बसूनच आहेत."

"नको हो, खरंच नको. होतंय सुरू. एका मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावलाय." मागून एका बाईचा आवाज आला: अहो, पाण्याचं सांगा. "हो गं, थांब. अं... बिवलकरसाहेब, असंच विचारतो हं, चार्जेस किती असतात तुमचे?"

"काही नाही. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर आत्मारामांचा संकोच दुप्पट झाला.

"मग तर नकोच. तुमचं पेट्रोल जळणार, आम्हाला कसंतरी होणार. राहू द्या."

राजनने जॅकेट काढायला सुरुवात केली. खतीजाने लॉगमध्ये लिहायला पेन उचललं. बिवलकरांनी डाव्या हाताने दोघांना थांबवलं. उजव्या हातातला फोन त्यांनी तोंडाजवळ नेला आणि आवाज उतरवला. पंगतीत, पानावर डाव धरून, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं विचारतात, त्या आवाजात ते म्हणाले:

"शेट्ये, आपल्यातच आहे म्हणून विचारतो. पाठवू ना बोट?"

फोनमधून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला. मग आत्माराम अगदी हळू म्हणाले:

"पाठवा. बोटीत पाणी आलंय. पोटऱ्यांपर्यंत आहे. संध्याला पोहता येत नाही." थोडं थांबून, "मलाही नाही."

"यल्ला, चला," बिवलकर ट्रॅक्टरवर चढत म्हणाले.

*

बोट पाण्यात गेली. बिवलकरांनी नाकाचा दोर सोडला, राजनने हात वर केला, आणि नारिंगी ठिपका खाडीच्या तोंडाकडे लहान होत गेला. मग किनाऱ्यावरच्यांचं मुख्य काम सुरू झालं, म्हणजे काहीच न करणं. बिवलकर उताराच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. दोर वेटोळं करून पायाशी ठेवला. तन्मय शेजारी येऊन उभा राहिला. तो फोनवरचं सगळं ऐकत होता.

"हाऊ डिड यू नो?"

"काय?"

"ही केप्ट सेइंग नो, बाबा."

"अरे, ते काय खरं नको नव्हे. रीत असते ती. पहिलं नको आपोआप येतं तोंडातून. दुसरं नको समोरच्याचं मन किती आहे ते बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं काय ते सांगतो." बिवलकरांना बरं वाटत होतं. विषय त्यांच्या आवडीचा होता. "तीनदा विचारायचं. आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असतं हे."

तन्मय पाण्याकडे बघत राहिला.

"आय डिडंट नो देअर वेअर थ्री राउंड्स," तो म्हणाला.

रागाने नव्हे. निकाल लागल्यावर कोणीतरी सांगावं, की प्रश्नपत्रिकेला मागची बाजूही होती, आणि ऐकणाऱ्याने मान हलवावी, तसा.

बिवलकर पायाशी नीट ठेवलेला दोर उचलून पुन्हा वेटोळं करायला लागले.

तन्मय चौथीत होता तेव्हा शाळेत पोहण्याच्या स्पर्धा होत्या. बापाला न येणारी गोष्ट पोराला येत होती, आणि चांगली येत होती. आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, यू डोंट हॅव टू कम, बाबा. बिवलकरांनी ऑफिसचं काम सांगितलं. तो म्हणाला, इट्स फाइन. घरी आलेलं पदक त्यांनी संध्याकाळी बघितलं आणि पोराच्या समजूतदारपणाचं चारचौघांत कौतुक केलं.

पुढे तो कॅनडाला निघाला. आय'ल टेक अ कॅब, तो म्हणाला, यू गाइज स्लीप. बिवलकर हे सुनेत्राबाईंच्या मावसबहिणीच्या शेजाऱ्यांना, ज्यांना ते आधी कधी भेटले नव्हते, गूळपोळ्यांचं पाकीट देऊन विमानतळापर्यंत सोडून आलेले गृहस्थ. तेही कोणी न सांगता, शेजारी तीनदा नको म्हणत असताना. पण पोराला ते बरं म्हणाले. बाल्कनीतून टॅक्सीचे लाल दिवे दिसले तेवढे दिसले.

त्यानंतरच्या आठवड्यातच एचआरने ती फोटोची बस काढली होती.

असं काही नव्हतं की त्यांना विचारावंसं वाटत नव्हतं. पण पोरगा इंग्रजीत बोलायचा. इंग्रजीत नो म्हणजे नो, यस म्हणजे यस, असं त्यांनी ऑफिसात शिकून घेतलं होतं, आणि त्या इंग्रज गृहस्थांच्या मांडीवर पोहे सांडल्यावर तर चांगलंच शिकून घेतलं होतं. मुलगा इंग्रजी बोलतो म्हणजे तो 'नाही'सुद्धा इंग्रजीतच म्हणतो, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. नको म्हणायची रीत त्याने सुनेत्राबाईंच्या कडेवर बसूनच उचलली होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शब्द तेवढे शाळेत बदलले.

रेडिओ खरखरला. "टू पर्सन्स ऑन बोर्ड. बोथ सेफ. कमिंग बॅक." मग नियमात न बसणाऱ्या सुरात: "बिवलकरजी, चाय चढाओ."

बिवलकर उठले. आधी दोर हातात घेतला, मग चहाकडे गेले, मग दोर खाली ठेवायला परत आले.

*

आत्माराम शेट्ये उतारावर चालत आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि छातीशी एक प्लास्टिकची पिशवी धरलेली होती. त्यांच्या मागे संध्याबाई, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. कोरड्या जमिनीवर पाय लागताच त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"एन्जॉय म्हणे. मी बादली शोधत होते आणि हे मॅडमला सांगतायत, वी आर एन्जॉइंग."

"अगं, बाईमाणसाने एवढ्या आपुलकीने विचारलं. तिला कसं सांगायचं?"

"काय कसं सांगायचं? बुडतोय म्हणून सांगायचं."

बिवलकरांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि डबा उघडला.

"नको हो," आत्माराम म्हणाले. "तुम्ही एवढं केलंत, आता वर हे कशाला?"

"थोडे घ्या."

"नाही, खरंच. आमचं झालंय बोटीत." बोटीत खाणं कितपत झालं होतं ते संध्याबाईंनी नाक मुरडून दाखवलं.

"घ्या. ओल्या अंगाने रिकाम्या पोटी बसू नये."

आत्मारामांनी घेतले. संध्याबाईंनीही घेतले. एकदा भीती पार निघून गेली की माणसाला जी भूक लागते ती दोघांना लागली होती. बिवलकर वाढत राहिले. लिंबू असतं तर बहार आली असती, असं संध्याबाई म्हणाल्या. आत्मारामांनी छातीशी धरलेली पिशवी सोडली. आत शेव होती, पण समुद्राने तिची खारवण करून टाकली होती. तरी त्यांनी ती पोह्यांवर घातली. "आपलीच आहे," ते म्हणाले. मग राजन आला. त्याने दोन वेळा नको म्हटलं. बिवलकरांनी चमच्याने डब्याच्या कडा खरवडून, तळाशी चिकटलेला कढीपत्त्यासकटचा थर काढला आणि त्याच्या प्लेटमध्ये घातला.

"खलास," ते म्हणाले. डबा पाइपच्या पाण्याखाली धरून स्वच्छ धुतला आणि कठड्यावर पालथा घातला.

तन्मयने हे सगळं पाहिलं.

खतीजाने शेट्ये दांपत्याला आपल्या गाडीत घेतलं. निघण्याआधी तिने बिवलकरांना कागदात गुंडाळलेली एक फ्रेम दिली. आत स्टेशनच्या सगळ्या माणसांचा बोटीपुढे उभं राहून काढलेला फोटो होता. बिवलकर त्यात नव्हते. फोटो त्यांनीच काढला होता.

"अंकल, आप का शॅडो है नीचे. देखो," खतीजा म्हणाली.

खरंच, खालच्या कडेला वाळूवर एक सावली होती. कॅमेरा धरलेल्या हातांची, डोक्याची. बिवलकरांनी ती निरखून बघितली.

"छान आलीय," ते म्हणाले.

*

राजनही गेला. शेवटची बोट धुवायची बिवलकरांची इच्छा सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणी थांबलं नाही. दुपार कलायला लागली होती. तन्मयला दोनेक तासांत विमानतळावर पोहोचायला हवं होतं.

खाऱ्या पाण्यातून आलेली बोट लगेच धुवावी लागते. मीठ वाळलं की ते निघत नाही, खात राहतं. बिवलकर पाइप घेऊन एका बाजूने सुरू झाले. दुसऱ्या बाजूला तन्मयने कोणी न सांगता ब्रश उचलला. मधे नारिंगी बोट. तिच्या या बाजूला बाप, त्या बाजूला मुलगा, आणि एकमेकांचे फक्त पाय दिसत होते.

असंच बरं होतं. बिवलकर बोटीशी बोलत असल्यासारखे बोलले.

"तन्मय."

"हं?"

"मी तुला एअरपोर्टवर विचारलं होतं. मग आज सकाळी गाडीत."

ब्रशचा आवाज थांबला.

"आता परत विचारतो." पाइपमधून पाणी येत होतं आणि बोटीच्या एकाच जागी पडत होतं. ती जागा केव्हाच स्वच्छ झाली होती. "तू आणि पर्णिका. ठीक आहे का?"

पलीकडचे पाय हलले नाहीत. खाडीत आता भरती सुरू होत होती; सकाळी घाईने बाहेर गेलेलं पाणी काही झालंच नाही अशा थाटात परत येत होतं. बिवलकर थांबले. थांबायची त्यांना सवय होती, पण ती बोटीसाठी.

"नाही," तन्मय म्हणाला.

मराठीत.

बिवलकरांना वाटलं होतं, तिसऱ्यांदा विचारलं की पुढचं आपोआप येईल. पंगतीत तसंच होतं. माणूस हो म्हणतो आणि आपण वाढतो. इथे त्यांच्या हातात वाढण्यासारखं काही नव्हतं. कधीपासून, असं विचारावं का? की काय झालं? की तू आज नको जाऊस, विमान सोडून दे, चल माझ्याबरोबर पुण्याला? यातलं प्रत्येक वाक्य कधीतरी, त्या पदकाच्या संध्याकाळी, त्या टॅक्सीच्या दिव्यांपाशी, म्हणता आलं असतं, आणि आज ते म्हणायला दोन तास उरले होते. त्यातला एक रस्त्यातच जाणार.

त्यांनी पाइप खाली ठेवला. बोटीला वळसा घालून ते पलीकडे गेले. तन्मय ओल्या उतारावर बसला होता, ब्रश गुडघ्यांमध्ये धरून. बिवलकर त्याच्या शेजारी बसले. पाइपचं पाणी वाहत त्यांच्या बुटांपर्यंत आलं. बूट काढायचे पुन्हा राहून गेले होते.

तन्मयने मनगटाने नाक पुसलं. मग त्याची नजर कठड्यावरच्या पालथ्या डब्याकडे गेली, आणि तो चौथीतल्या पोराच्या आवाजात म्हणाला:

"बाबा, पोहे उरलेत का थोडे?"